टाइम झोन डेटाबेसमधील जुन्या नोंदी दुरुस्त करण्याची पद्धत

१९४३ साली पुण्यात जन्मलेल्या व्यक्तीची पत्रिका मांडताना जाणकार ज्योतिषी नोंदलेल्या जन्मवेळेतून आधी एक तास वजा करतात. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सबंध देशातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती, म्हणजे आज अमेरिकेत किंवा युरोपात ज्याला डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणतात तशीच वेळ आपल्याकडेही सलग तीन वर्षे चालली होती. हीच वजाबाकी संगणकाला करायची असते तेव्हा तो टीझेड (टाइम झोन) डेटाबेस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कोठली घड्याळे कधी व किती बदलली याची नोंद असलेल्या मजकुराच्या फाइलींवर विसंबून राहतो. त्या फाइलींमध्ये जुन्या काळाबद्दलच्या चुका अजूनही आहेत आणि त्या दुरुस्त करण्याची मुभा कोणालाही आहे. हे काम प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी त्याच्या पायऱ्या येथे दिल्या आहेत.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात हा डेटाबेस सुरू केला, पॉल एगर्ट हे त्याचे समन्वयक आहेत आणि २०११ पासून तो आयाना या, इंटरनेटवरील नावे व क्रमांक यांचा समन्वय पाहणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली प्रसिद्ध होतो. लिनक्स, मॅकओएस, अँड्रॉइड, जावा, पायथन या सर्वांमधील वेळेचे हिशेब याच फाइलींवर चालतात. विंडोजची स्वतःची निराळी यादी असून तिच्यात जुना इतिहास फारच थोडा आहे. फाइली खंडांनुसार विभागलेल्या आहेत आणि भारताचा भाग ‘एशिया’ या फाइलीत येतो. या फाइलीच्या आरंभीच सांगितले आहे की हा मजकूर मुळीच अधिकृत नाही, आणि तुम्हाला अधिक चांगली माहिती असेल तर खुशाल बदल करून तो सर्वांच्या उपयोगासाठी पाठवा. नवख्या माणसाला संकोच वाटत असेल तर त्याने हे वाक्य आधी वाचावे.

पहिली पायरी: चूक नेमकी कोठे आहे ते पाहणे

एखाद्या संकेतस्थळाने किंवा ॲपने जुन्या तारखेची वेळ चुकीची दाखवली म्हणजे दोष डेटाबेसचाच असतो असे नाही. पुष्कळदा त्या प्रोग्रामकडे डेटाबेसची जुनी प्रत असते, कारण जावा किंवा पीएचपीसारख्या भाषा स्वतःची वेगळी प्रत बाळगतात आणि ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केली तरी ती प्रत जुनीच राहू शकते. काही वेळा जागा वाचवण्यासाठी १९७० पूर्वीची माहिती मुळातच गाळलेली असते. म्हणून आयानाच्या संकेतस्थळावरून ताजी आवृत्ती उतरवून घ्यावी, तिच्यासोबत येणारा ‘झिक’ हा प्रोग्राम वापरून ती एका वेगळ्या फोल्डरमध्ये संकलित करावी, म्हणजे संगणकाला वापरता येईल अशा रूपात आणावी, आणि ‘झेडडम्प’ या दुसऱ्या प्रोग्रामने हवा तो झोन, म्हणजे एकसारखी वेळ पाळणाऱ्या प्रदेशाची नोंद, तपासावा. चूक तेथेही दिसली तरच पुढे जावे.

दुसरी पायरी: झोनची नोंद वाचायला शिकणे

मूळ फाइलीत सर्व नावे रोमन लिपीत असतात. येथे ती देवनागरीत लिहिली आहेत. झोनच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी असतात: ग्रिनिचच्या वेळेपासून प्रमाणवेळेचे तास-मिनिटांतील अंतर, त्यावर लागू होणारा डेलाइट सेव्हिंगचा नियम, वेळेचे संक्षिप्त नाव आणि ही ओळ कोणत्या क्षणापर्यंत लागू आहे ती तारीख. नियमाच्या रकान्यात तीन प्रकार संभवतात. नुसती आडवी रेघ असेल तर जादा वेळ काहीच नाही, ‘१:००’ लिहिले असेल तर त्या सबंध काळात एक तास पुढे, आणि एखादे नाव लिहिले असेल तर त्या नावाचे ‘रूल’ इतरत्र शोधावयाचे.

सबंध भारतासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एशिया/कोलकाता’ या झोनची विसाव्या शतकातील नोंद शब्दांत मांडायची तर अशी आहे. १ जानेवारी १९०६ पासून ऑक्टोबर १९४१च्या आरंभापर्यंत ५ तास ३० मिनिटे, तेथून १५ मे १९४२ पर्यंत एक तास जादा, मग सप्टेंबर १९४२ उजाडेपर्यंत पुन्हा साडेपाच तास, त्यानंतर १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत पुन्हा एक तास जादा, आणि तेव्हापासून आजपर्यंत साडेपाच तास. आधीच्या शतकातील ओळींमध्ये एके ठिकाणी हावडा येथील वेळेचा उल्लेख असून त्यापुढे टिपणात प्रश्नचिन्ह दिलेले आहे. ही प्रश्नचिन्हे मला या डेटाबेसचा सर्वांत विश्वासार्ह भाग वाटतात, कारण कोणती नोंद पक्की आणि कोणती अंदाजाची हे त्यांच्यावरून कळते. ओळींच्या वर-खाली असलेली टिपणे तर नियमांपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतात आणि ती शेवटपर्यंत वाचल्याखेरीज एकाही आकड्याला हात लावू नये. तुम्हाला सापडलेला पुरावा तेथे आधीच तपासून बाजूला ठेवलेला असू शकतो.

तिसरी पायरी: ही नोंद कोणत्या गावाची आहे ते विचारणे

बहुतेक नवखे येथेच अडखळतात. समजा, मुंबईत नोव्हेंबर १९४१ मध्ये झालेल्या जन्माची वेळ संगणकाने साडेसहा तासांच्या अंतराने मोजली. देशभर घड्याळे पुढे गेली ती सप्टेंबर १९४२ मध्ये, तेव्हा ही आधीची सात-साडेसात महिन्यांची नोंद चुकीची आहे असे वाटून ती काढून टाकण्याचा प्रस्ताव पाठवावासा वाटेल. परंतु तो प्रस्ताव चुकीचा ठरेल. ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ या काळात बंगाल प्रांताने स्वतःपुरती वेळ एक तास पुढे केलेली होती आणि हा झोन कोलकात्याच्या नावाचा असल्यामुळे तेथे कोलकात्याचाच इतिहास नोंदलेला आहे.

यामागचा नियम असा की १९७० नंतर ज्या प्रदेशातील घड्याळे सतत एकसारखी राहिली त्या सबंध प्रदेशाला एकच झोन मिळतो, त्याला सामान्यतः तेथील सर्वांत मोठ्या वस्तीच्या शहराचे नाव दिले जाते, आणि १९७० पूर्वीची माहिती फक्त त्या शहरापुरती खरी मानली जाते. त्यामुळे मुंबईची स्वतंत्र वेळ, जी ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे आणि भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, ती या झोनमध्ये घालता येत नाही. १९०६ साली प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईत गिरणी कामगारांनी तिला कडवा विरोध केला आणि शहरात त्यानंतरही कित्येक दशके दोन्ही वेळा नांदत होत्या, हे सर्व खरे असले तरी ते टिपणात येऊ शकते, आकड्यांत नाही. गोव्याचेही तेच. डिसेंबर १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगीज सत्ता होती, पण १९७० नंतर पणजीचे घड्याळ कोलकात्याहून वेगळे चाललेले नसल्याने गोव्याला वेगळा झोन मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हा नियम सर्वांना पटलेला आहे असे मुळीच नाही. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमचा झोन ब्रसेल्सशी आणि ऑस्लो, स्टॉकहोम व कोपनहेगन यांचे झोन बर्लिनशी जोडले गेले, तेव्हा त्या शहरांचा १९७० पूर्वीचा स्वतःचा इतिहास मुख्य फाइलींतून ‘बॅकझोन’ या बाजूच्या फाइलीत गेला आणि त्यावर बराच वाद झाला. ज्याला तो इतिहास हवा आहे त्याला डेटाबेस विशेष पर्याय देऊन संकलित करावा लागतो. माझ्या मते साध्या वापरकर्त्याच्या दृष्टीने हे गैरसोयीचे आहे. परंतु प्रस्ताव पाठवणाऱ्याने नियम बदलण्याचा वाद आणि नोंद दुरुस्त करण्याचे काम एकाच पत्रात कालवू नये.

शेजारच्या झोनशी तुलना केली तर पुष्कळ गोष्टी लवकर उलगडतात. ‘एशिया/कराची’ या झोनमध्ये १९४२ ते १९४५ची युद्धकालीन वेळ आहे, पण १९४१ची नाही, यावरून आधीचा बदल बंगालपुरता होता याला दुजोरा मिळतो. याउलट ढाक्याच्या झोनमध्ये सप्टेंबर १९४२ पासूनची साडेसहा तासांची वेळ ३० सप्टेंबर १९५१ पर्यंत तशीच चालू राहिलेली दिसते. ऑक्टोबर १९४५ मध्ये ढाका आणि कोलकाता एकाच प्रांतात होते, मग एकाचे घड्याळ मागे आले आणि दुसऱ्याचे नाही, हे कसे? अशा विसंगतीमुळे लगेच कोणतीही नोंद खोटी ठरत नाही, पण शोध कोठे सुरू करावा हे कळते, आणि बांगला वाचू शकणाऱ्या एखाद्या अभ्यासकाला येथे करण्याजोगे काम आहे.

चौथी पायरी: पुरावा गोळा करणे

१९७० पूर्वीच्या पुष्कळ नोंदी शँक्स आणि पॉटेंजर यांच्या, ज्योतिषांसाठी ठिकठिकाणच्या जुन्या वेळा देणाऱ्या अॅटलासवरून घेतलेल्या आहेत आणि टिपणांत त्यांची नावे वारंवार येतात. त्या अॅटलासमध्ये आकडे आहेत, पण ते कोठून घेतले हे सांगितलेले नाही. त्यामुळे त्या काळातील खरा दस्तऐवज हाती आला तर तो सहसा अॅटलासवर मात करतो. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. २०११ साली अमेरिकेतील ज्योतिषविषयक सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीने याच अॅटलासच्या कॉपीराइटवरून ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा दाखल केला होता आणि पुढच्या वर्षी तो मागे घेतला. घड्याळे कोणत्या दिवशी बदलली ही वस्तुस्थिती कोणाच्या मालकीची नसते, तरीही एखाद्या छापील कोष्टकाची पाने जशीच्या तशी उतरवून पाठवू नयेत.

पुराव्याला चार प्रश्न विचारावेत: बदल कोणत्या तारखेला झाला, घड्याळात किती वाजता झाला, ती वेळ जुन्या घड्याळाची की नव्या, आणि बदल कोणत्या प्रदेशाला लागू होता. सरकारी राजपत्र पहिल्या व चौथ्या प्रश्नाचे उत्तर चांगले देते, परंतु अधिसूचनेची तारीख आणि अंमलाची तारीख वेगवेगळ्या असतात आणि घाईत पहिलीच उचलली जाते. राजपत्राने हुकूम काढला म्हणून लोकांनी घड्याळे फिरवलीच असे नाही. मुंबईचे उदाहरण वर आलेच आहे. डेटाबेसला लोकांची घड्याळे प्रत्यक्षात काय दाखवत होती हे हवे असते. यासाठी त्या-त्या दिवसांची वर्तमानपत्रे फार उपयोगी पडतात. युद्धकालीन वेळेसाठी पुण्याच्या ‘केसरी’ आणि ‘सकाळ’चे १९४२ व १९४५ मधील अंक पाहताना नुसती बातमी पाहू नये, आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातील रेल्वेच्या वेळा, सूर्योदय-सूर्यास्ताचे आकडे, सभांच्या जाहिराती हेही पाहावे. छापलेला सूर्योदय एका दिवसात बरोबर एक तासाने सरकला असेल तर त्याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

मध्यरात्रीचा उल्लेख आला की विशेष जपावे. ‘३१ ऑगस्टच्या मध्यरात्री’ असे वर्तमानपत्रात छापलेले असेल तर आपण स्वाभाविकपणे ३१ तारीख संपते तो क्षण समजतो, पण राजपत्राच्या इंग्रजी मजकुरातील मध्यरात्र त्या तारखेच्या आरंभीचीही असू शकते. दोन्ही अर्थांत पूर्ण एका दिवसाचा फरक पडतो. सोबत वार दिलेला असेल तर तो दिनदर्शिकेशी ताडून पाहावा.

पाचवी पायरी: बदल लिहिणे

दुरुस्ती कधी कधी एकाच अंकाची असते. चीनमध्ये १९८६ ते १९९१ या काळात उन्हाळ्यात घड्याळे पुढे केली जात. १९८७ पासून दरवर्षी ती कधी पुढे करायची याचा नियम डेटाबेसमध्ये पूर्वी ‘एप्रिलमध्ये १० तारखेला किंवा त्यानंतर येणारा पहिला रविवार’ असा लिहिलेला होता. सरकारी निर्णयाप्रमाणे एप्रिलच्या मधल्या दहा दिवसांतील, म्हणजे ११ ते २० या तारखांमधील पहिला रविवार अभिप्रेत होता. १९८७ मध्ये तो १२ एप्रिलला, १९८९ मध्ये १६ला, १९९० मध्ये १५ला आणि १९९१ मध्ये १४ला येत असल्यामुळे दहा लिहा की अकरा, उत्तर तेच निघे. केवळ १९८८ मध्ये १० एप्रिललाच रविवार होता, आणि त्या एका वर्षी संगणकाने सबंध देशाचे घड्याळ एक आठवडा आधी पुढे केले. २०१८ मध्ये ही तारीख १७ एप्रिल अशी दुरुस्त झाली आणि त्याच वेळी बदलाचा क्षणही मध्यरात्रीऐवजी पहाटे २ वाजता असा करण्यात आला. यावरून धडा असा घ्यावा की नियम लिहिला की तो लागू असलेल्या प्रत्येक वर्षाची तारीख दिनदर्शिकेवर मोजून पाहावी, एखाद-दुसरे वर्ष पाहून थांबू नये.

रूलच्या ओळीत आरंभवर्ष, अखेरचे वर्ष, महिना, दिवस, वेळ, किती वेळ वाढवायची ती आणि संक्षेपातील अक्षर असा क्रम असतो. वेळेपुढे काहीच चिन्ह नसेल तर ती त्या क्षणी भिंतीवरच्या घड्याळात दिसणारी वेळ मानली जाते. प्रमाणवेळ किंवा यूटीसी (ग्रिनिचशी जुळणारी जागतिक वेळ) अभिप्रेत असेल तर त्यासाठी वेगळी अक्षरे जोडावी लागतात. झोनच्या ओळीतील अखेरच्या तारखेलाही हेच लागू आहे, आणि तेथे तास लिहिलेला नसेल तर शून्य वाजता असे धरले जाते. म्हणून ‘१५ ऑक्टोबर १९४५’ याचा अर्थ पुढे केलेल्या घड्याळात १५ तारखेचे शून्य वाजले तो क्षण, म्हणजे यूटीसीप्रमाणे १४ ऑक्टोबरचे १७:३०, आणि त्या क्षणी घड्याळ मागे येऊन १४ तारखेचे रात्रीचे अकरा दाखवू लागते. नव्या घड्याळातील शून्य वाजता बदल झाल्याचा पुरावा तुमच्याकडे असेल तर तो क्षण बरोबर एक तासाने पुढे जाईल आणि तसे स्पष्ट लिहावे लागेल.

बदल छोटा ठेवावा. ओळींची मांडणी सुधारणे, जुन्या टिपणांची भाषा नीट करणे असली कामे याच दुरुस्तीत करू नयेत. नोंदीच्या वर तारखेसह टिपण लिहावे, त्यात दस्तऐवजाचे नाव, दिनांक, पान आणि शक्य असल्यास मूळ वाक्य द्यावे. मूळ मजकूर मराठीत असेल तर त्याचा इंग्रजी अर्थ सोबत द्यावा, कारण तपासणाऱ्यांपैकी बहुतेकांना मराठी येत नसणार. जे अनुमान आहे ते अनुमान म्हणूनच लिहावे.

सहावी पायरी: आधीचे आणि नंतरचे ताडून पाहणे

मूळ फाइल आणि बदललेली फाइल अशा दोन्ही झिकने दोन वेगळ्या फोल्डरमध्ये संकलित कराव्यात आणि झेडडम्पला पूर्ण पाथ देऊन, १९४० ते १९४६ असा कालावधी ठरवून, दोन्हींचे निकाल डिफ या फरक दाखवणाऱ्या प्रोग्रामने ताडावेत. झेडडम्प प्रत्येक बदलासाठी दोन ओळी छापतो, एक बदलाच्या आधीच्या सेकंदाची आणि एक प्रत्यक्ष बदलाची. कोलकात्यासाठी सप्टेंबर १९४२च्या बदलात पहिली ओळ ३१ ऑगस्ट, यूटीसी १८:२९:५९, स्थानिक वेळ २३:५९:५९ अशी असते. दुसरीत यूटीसी १८:३०:०० होताच स्थानिक वेळ १ सप्टेंबर, ०१:००:०० अशी उडी घेते. तुमच्या बदलामुळे ज्या ओळी बदलायला हव्या होत्या तेवढ्याच बदलल्या आहेत याची खात्री करावी. कालावधीची मर्यादा काढून आजपर्यंतचा निकालही एकदा ताडावा, कारण रूलच्या नावातील एखादी चूक भलत्याच देशाच्या वेळा हलवू शकते. शेवटी सोबत येणारी तपासणी चालवावी. तिची आज्ञा ‘मेक चेक’ अशी आहे.

सातवी पायरी: पाठवणे

फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रामने तयार केलेला पॅच, म्हणजे फक्त बदललेल्या ओळींची फाइल, ईमेलने टीझेडच्या चर्चायादीवर पाठवावा. गिट येत नसेल तर ओळ आणि पुरावा साध्या पत्रात लिहून पाठवला तरी चालतो. पुरावा भक्कम असला की पॅच कोणीतरी लिहून घेतो. विषयाच्या ओळीत झोनचे नाव आणि वर्ष असावे. निर्णय समन्वयक घेतात, त्यांनी कोणत्या पद्धतीने काम करावे हे २०१२च्या आरएफसी ६५५७ या इंटरनेटच्या कार्यपद्धतीविषयीच्या दस्तऐवजात दिलेले आहे, आणि निर्णयावर अपील करण्याची सोयही त्यात आहे. चर्चेत कोणी उलटा पुरावा मांडला तर तो आपल्या विरुद्ध आहे असे न समजता मूळ दस्तऐवज मागावा. उद्यापासून लागू होणाऱ्या बदलांची जशी निकड असते तशी जुन्या नोंदींची नसते, त्यामुळे मान्य झालेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीसोबतच बाहेर पडते.

आवृत्ती निघाल्यावर एक काम उरते आणि ते आपल्या स्वतःच्या माहितीसाठ्यात करायचे असते. तेथे जुन्या जन्मवेळा किंवा दस्तांच्या वेळा यूटीसीत रूपांतरित करून ठेवलेल्या असतील तर त्या जुन्या, चुकीच्या नियमाने रूपांतरित झालेल्या आहेत, आणि डेटाबेस सुधारला म्हणून त्या आपोआप सुधारणार नाहीत. उलट, नव्या नियमाने त्या परत स्थानिक वेळेत आणल्या की मूळ दाखल्यावर नसलेलीच वेळ पडद्यावर दिसेल. दाखल्यावरील स्थानिक वेळ आणि गावाचे नाव स्वतंत्र रकान्यांत जपलेले असेल तर दुरुस्त झालेल्या काळातील नोंदी निवडून यूटीसी पुन्हा काढून घ्यावा. ते रकाने नसतील तर जुन्या आवृत्तीची प्रत हाताशी ठेवून आधी तिच्या साहाय्याने मूळ स्थानिक वेळ परत मिळवावी आणि मगच नवी आवृत्ती बसवावी.